तोंड दाखवून जा, दादा

दादा,

दहा-बारा दिवसांपूर्वी तुझ्या मालिकेच्या ऑफिसातून फोन आला. मुलगी बोलायला गोड होती. आधी तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलली, मग जरा घुटमळली आणि म्हणाली, "ताई, काकांचा एक फोटो हवा होता. समोरून काढलेला, मोठा करता येईल असा." मी विचारलं, कशाला. तर म्हणे, मालिकेत आता कंपाउंडर काकांचं निधन दाखवायचं ठरतंय. काका झोपेतच गेले असं सांगतील, दवाखान्याच्या भिंतीवर फोटो लागेल, त्याला हार घातला जाईल आणि एकेक पात्र फोटोसमोर उभं राहून बोलेल. "खूप सुंदर एपिसोड होईल, ताई. आमची काकांना श्रद्धांजली."

उद्या सांगते म्हणून मी फोन ठेवला आणि सवयीनं मधल्या खोलीत तुलाच सांगायला निघाले की ऐक, तुला परत मारायला निघालेत. दारात पोचल्यावर रिकामी खाट दिसली. तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही, पण ही चूक माझ्याकडून रोज होते.

हाराचं तुला काय अप्रूप? तुझ्या फोटोला पडद्यावर जितके हार पडले, तितके आपल्या आमदाराच्या गळ्यातही पडले नसतील. नायकाचा बाप व्हायचास, पहिल्या अर्ध्या तासात मरायचास आणि पुढचा सगळा सिनेमा भिंतीवरून बघत बसायचास. प्रामाणिक हवालदार झालास की मी पदर खोचूनच बसायचे, आता हा जाणार म्हणून. गिरणीतला कामगार, धरणावरचा चौकीदार, पुराव्याची पिशवी घेऊन कोर्टाकडं निघालेला कारकून. कोर्टापर्यंत तू कधी पोचलाच नाहीस. तू म्हणायचास, "सुमे, हिरोला राग यायला कुणीतरी मरावं लागतंय. ते कुणीतरी म्हंजे मी."

तू पहिल्यांदा मेलास तेव्हाची गंमत तू सगळ्यांना सांगायचास, पण अर्धी खोटी सांगायचास. खरी अशी आहे. सोयगावात आपल्या गल्लीत टीव्ही एकच, किराणा दुकानदाराचा. नर्सिंगच्या शिक्षणातून सुट्टी काढून मी घरी आले होते. त्या रात्री मालिकेत तुला गुंडांनी मारलं आणि सकाळी माय अंगणात तूर निवडत बसलेली असताना बाया तोंडाला पदर लावून यायला लागल्या. माय आधी हसली. म्हणाली, "येड्या झाल्या का गं? नाटक हाय ते." पण यमुनाकाकूनं दारातच असा गळा काढला की तिच्या मागून आलेल्या चौघीही रडायला लागल्या. दुसऱ्या गल्लीतले लोक आले, त्यांनी तर मालिका पाहिलीच नव्हती, त्यांनी फक्त रडणं ऐकलं होतं. दुपार होईतो मायनं सूप बाजूला सारलं. हळूच मला म्हणाली, "सुमे, नाटकच हाय ना गं ते?"

तू मुंबईत कुठल्या खोलीत राहत होतास ते आम्हाला नीट माहीत नव्हतं. नाटकवाल्यांचा एक पत्ता होता. मी पोस्टात गेले आणि तार लिहिली: माय बरी आहे, तू मेलास, लगेच ये. पोस्टातला माणूस तो मजकूर घ्यायला तयार होईना. त्याला मी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "अरे, तो पोरगा आपला व्हय? वाईट झालं."

तू आलास ते तोंड पांढरंफटक पडलेलं घेऊन. मायनं तुला जवळ घेतलं नाही की रडली नाही. ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं. बाजरीची भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा, कांदा. आणि गल्लीला हाळी घातली, "या गं समद्या. बघा. मेलेलं माणूस भाकर खातंय व्हय?" गल्ली जमली. तू मान खाली घालून पहिला घास घेतलास, मग वर पाहिलंस, समोर एवढे प्रेक्षक बसलेले दिसले आणि लेका, तुझ्यातला नट जागा झाला. प्रत्येक घासाला मान डोलवायला लागलास. अजून एक भाकर मागितलीस. यमुनाकाकूनं पुढं होऊन तुझा दंड चिमटून बघितला तेव्हा तू असा ओरडलास की सगळे पोट धरून हसले.

जेवण झाल्यावर मायनं नियम सांगितला. "मर तिकडं किती बी. पण मेलास की हितं यायचं, तोंड दाखवायचं, समद्यांसमोर जेवायचं. मंग जा."

तू तो नियम एकदाही मोडला नाहीस, याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. मोठमोठ्या लोकांबरोबर तुझं काम सुरू झालं, परदेशातल्या एका महोत्सवात तुझा सिनेमा गेला, तरी एसटीनं रात्रभर प्रवास करून यायचास, ओट्यावर बसायचास, जेवायचास. माय गेल्यावर मला वाटलं आता हे संपलं. पण पुढच्याच मरणानंतर तू इथं, उस्मानपुऱ्यात, माझ्या पायऱ्यांवर येऊन बसलास आणि म्हणालास, "ताट आण." मी म्हटलं, इथं शहरात कोण बघणार. तर समोरच्या शकिलाभाभी गॅलरीतून वाकल्या होत्या. "अरे, ये तो कल मरा ना?" तू म्हणालास, "हौ भाभी. आओ, देखो." तेव्हापासून सोयगावच्या जागी आमची गल्ली आली. तुझं मरण दाखवलं की दुसऱ्या दिवशी भाभी खालूनच विचारायच्या, "बाई, तुमारा भाई कब आरा खाने कू?" येताना त्या शेवयांचा डबा आणायच्या. एकदा एक नवा भाडेकरू घाबरून विचारायला आला की तुमच्या घरी सारखं कोण वारतंय.

आबा असते तर त्यांना हे सगळं आवडलं असतं. मालिका त्यांनी कुठली बघितली नाही, पण तुझा धंदा त्यांनीच तुला लावला असं मी मानते. फर्दापुरात राहून आबा अजिंठ्याच्या लेण्यांत उजेड पाडायचं काम करायचे. बाहेर उन्हात उभं राहून चकचकीत पत्रा धरायचा, त्यावरचं ऊन आतल्या माणसाच्या पांढऱ्या कापडावर टाकायचं, तिथून ते भिंतीवरच्या चित्रांवर जायचं. सुट्टीत आपण दोघं त्यांचा डबा घेऊन जायचो. माणसं पांगली की आबा आपल्यासाठी म्हणून उजेड कोपऱ्यात पाडायला लावायचे. मधला राजा अंधारात जायचा आणि मागं चवरी धरून उभी असलेली बाई दिसायची. आबा म्हणायचे, "राजाला समदे बघतेत. ह्या बाईचे पाय दुखायलेत, ते बघा."

मला ते पाय कधी दिसले नाहीत, खरं सांगते. तुला दिसले. आयुष्यभर तू त्या बाईचंच काम केलंस. पहिल्यांदा शूटिंगला गेलास आणि ऊन वळवणारा रिफ्लेक्टर धरलेला माणूस पाहिलास, तर त्याच्याजवळ जाऊन बसलास. माझा बाप हेच काम करायचा, म्हणालास. पुढं प्रत्येक सेटवर तू आधी लाईटवाल्यांना भेटायचास आणि मग दिग्दर्शकाला. म्हणून तर कितीही मागं उभा असलास तरी तुझ्या तोंडावर थोडा उजेड असायचाच. घरात टीव्ही बघताना मी सगळ्यांना सांगायचे, बघा, हा आमच्या आबांचा उजेड. तुझ्यासमोर मात्र कधी म्हटलं नाही. तू चढून बसला असतास.

नाव कुणाला माहीत नसायचं तुझं. मला त्याचा राग यायचा, तुला नाही. आठवतं, क्रांती चौकात सिग्नलला मी स्कूटरवर आणि तू मागं बसलेला? बाजूच्या रिक्षातला माणूस तुझ्याकडं बघतच राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, "काका, तुम्ही मेले होते ना?" तू म्हणालास, "व्हय. लई वेळा." तो म्हणाला, "नाय, त्या पोरीच्या बापाच्या वेळी लई वाईट वाटलं होतं. जिते दिसले, बरं वाटलं." सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी मी मान वळवून त्याला तुझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. तू माझ्या पाठीत चापट मारलीस. घरी येईपर्यंत मागं बसून तू काहीतरी गुणगुणत होतास.

आता आपल्या भांडणाकडं येते, कारण ते अर्धंच राहिलंय.

सुरुवात माझ्याकडून झाली. सरकारी दवाखान्यात माझी वॉर्डातली नोकरी होती, माणसं जाताना मी रोज बघत होते. आणि तू पडद्यावर छातीवर हात ठेवून, डोळे फिरवून, लेकीला लांबलचक उपदेश करून मरत होतास. जेवायला आलास तेव्हा मी भाकर वाढता वाढता म्हटलं, "असं कुणी मरतंय व्हय?" तुझा घास हातात राहिला. "मंग कसं?" मी सांगितलं की जाणारं माणूस मोठं काही बोलत नाही. बारकंसं काहीतरी मागतं. कुणी म्हणतं पायातले मोजे काढा, कुणी विचारतं गाय बांधली का, कुणी म्हणतं खिडकी लावा. आणि मागितलेलं मिळेपर्यंत गेलेलं असतं. तू ताटावरून उठलासच नाहीस, हात वाळेपर्यंत विचारत राहिलास. श्वास कसा होतो, हात कुठं जातो, डोळे कुठं बघतात.

पुढच्या सिनेमात तू म्हातारा ड्रायव्हर होतास. मरताना तुला मोठं भाषण लिहिलेलं होतं. तू दिग्दर्शकाला काय पटवलंस कोण जाणे, पण ते सगळं गेलं. तू मुलाकडं बघून नुसतं म्हणालास, "पंखा जरा कमी कर." मुलगा बटणाकडं जातो, वळतो, आणि तू नसतोस. मी इथल्या थिएटरात तो सिनेमा पाहिला तेव्हा आजूबाजूला पॉपकॉर्नची पिशवीसुद्धा वाजली नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाप्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. मला उभं राहून सांगावंसं वाटलं की हा माझा भाऊ आहे आणि हे मी शिकवलंय. सांगितलं नाही, पण बाहेर येताना मान अशी ताठ होती की दुसऱ्या दिवशी दुखली.

मग काय, मरणारा माणूस म्हटलं की तुझंच नाव. तू मला म्हणायचास, "तू शिकवलंस आणि मी त्याच कामाचा झालो." मी म्हणायचे, "मग एकदा तरी जग. एकदा तरी 'समाप्त'ची शेवटची पाटी पडेपर्यंत जिवंत रहा." तू म्हणायचास, त्याला हिरो व्हावं लागतं. मी म्हणायचे, हिरोचा शेजारी पण जगतो, हिरोची मावशी जगते, कुत्रंसुद्धा जगतं, तुलाच काय धाड भरलीय. फोनवर भांडलो, ताटावर भांडलो, मायच्या वर्षश्राद्धाला जमलेल्या पाहुण्यांसमोर भांडलो, मग तिथंच हसलो, कारण आपण बौद्ध, आपल्यात वर्षश्राद्ध नाही, तो पुण्यस्मरणाचा कार्यक्रम होता आणि भांडण सोडवायच्या आधी यमुनाकाकूनं 'श्राद्ध' या शब्दावरून आपल्या दोघांना झापलं होतं.

पण एकदा तू चिडून जे बोललास ते मी विसरलेले नाही. तू म्हणालास, "सुमे, आबा गेले तेव्हा फर्दापुरात चहाचं हाटेल बी बंद झालं नाय. मी मेलो की अख्खं थेटर गप होतंय. आपल्यासारख्या माणसाच्या मरणाला माणसं रडायलेत, हे काय कमी हाय? आन तू म्हणतीस, जग."

मी तुझ्या ताटात अजून ठेचा वाढला. ठेचा जास्त झालाय म्हणून तू पाणी मागितलंस आणि विषय बदललास. दादा, तुझं म्हणणं बरोबर होतं. पण माझंही होतं. आपल्यासारख्या माणसाला म्हातारं होताना, खोकताना, चहात खारी बुडवताना, कुणावर तरी उगाच डाफरतानाही बघू दे की लोकांना. दरवेळी मरूनच का मनात जागा करायची? हे मला त्या दिवशी सुचलं नाही. आता सुचतंय, वांगी निवडताना, दूध तापवताना, वाटेल तेव्हा.

आणि मग ती मालिका आली. तुझा फोन आला तेव्हा आवाजच वेगळा होता. "सुमे, कंपाउंडरचं काम हाय. गल्लीतला दवाखाना, डॉक्टर पोरगी तरणी, मी तिच्या बापाच्या टायमापासूनचा. गोळ्यांच्या पुड्या बांधतो आन समद्यांना शिव्या देतो. आन ऐक. ह्यात मी मरत नाय. लेखिकेनं शब्द दिलाय." मी म्हटलं, बघू. वर्ष गेलं, तू जिवंत. अजून काही महिने गेले, गल्लीतल्या दवाखान्यात साथ आली, आग लागली, डॉक्टरीणबाईंचं लग्न मोडलं, परत जमलं, आणि तू आपला काचेच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून "पुढचा कोण?" म्हणून ओरडत होतास. शकिलाभाभी वैतागल्या. "कब से मरा नै ये. खाना नै, कुछ नै." पुड्या बांधताना तू कागदाला ज्या घड्या घालायचास त्या माझ्या दवाखान्यातल्या जुन्या कंपाउंडरच्या होत्या, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. तुला बोलले नाही, पण रोज त्या घड्यांसाठी मी मालिका लावायचे.

तू तसं म्हातारा होताना दिसायला लागलास. मला हवा होतास तसा.

शूटिंगला सुट्टी होती म्हणून इथं येऊन मधल्या खोलीत मुक्काम ठोकला होतास. बाकीचं लिहीत नाही, दवाखान्याच्या कागदांवर सगळं लिहिलेलं आहे. फक्त ती दुपार लिहिते. ज्या वॉर्डात मी नोकरी केली, त्याच वॉर्डात तू होतास. माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुली धावपळ करत होत्या आणि मी प्रथमच बिनकामाची नुसती बाजूला बसले होते. तुझा श्वास कसा चाललाय ते मला ऐकू येत होतं. तुलाही कळत होतं, कारण ते सगळं मीच तुला शिकवलं होतं. तू डोळे उघडलेस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "बरोबर जमायलंय ना गं, सुमे?"

मी तुझा हात धरला. मला हसू आलं आणि रडू आलं. उत्तर द्यायचं राहून गेलं.

तर ते आता देते. जमलं, दादा. इतक्या वेळा केलंस, पण एवढं चांगलं कधीच जमलं नव्हतं.

पुढचं ऐकलंस तर तुला हसून ठसका लागेल. तू गेल्याची बातमी फोनाफोनी पसरली आणि सोयगावात कुणी हललंच नाही. लोक म्हणाले, बरं, परत मारलं व्हय, येईल की आता तोंड दाखवायला. यमुनाकाकू, वय झालेली, कानानं अधू, तिनं नातवाला सांगितलं की वांगी आणून ठेव, सुमीला कळव की या वेळी जेवण इकडं होऊ दे. त्या पोराला मला दोनदा फोन करून खात्री करून घ्यावी लागली, आणि मग काकूच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. अर्धं गाव जलदान विधीला आलं, कारण अंत्यविधीच्या दिवशी त्यांना खरंच वाटलं नव्हतं.

शकिलाभाभी लेकीकडं जालन्याला होत्या. परत आल्या त्या रिक्षातून उतरता उतरता मला पायऱ्यांवर बसलेली बघून हसल्या. "फिर मार डाले क्या उसकू? कब आरा?" मी म्हटलं, "भाभी, इस बार नै आता." त्यांनी रिक्षाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी पायरीवर बसून राहिल्या. रिक्षावाला किती वेळ थांबला होता.

विधीला भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मेणबत्त्या लावल्या. फोटोची पंचाईत झाली. तुझे फोटो ढिगानं, पण सगळ्यांत दुसऱ्याच कुणाच्या मिश्या, दुसऱ्याची टोपी, दुसऱ्याचा चष्मा. शेवटी माझ्या कपाटात एक सापडला. सोयगावचा ओटा, पुढ्यात ताट, तोंडात घास कोंबलेला, गाल फुगलेला आणि डोळे हसणारे. कुठल्यातरी मरणानंतरच्या जेवणाचा असणार. तोच लावला. भंतेजी क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, असाच असू द्या.

आणि आता ऑफिसातल्या मुलीला फोटो हवा होता.

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला आणि म्हटलं, मला तुमच्या लेखिकेशी बोलायचंय. ती आली फोनवर. आवाज तरुण, बसलेला, बहुतेक तीही रडलेली. मी काही गोडीनं बोलले नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी म्हटलं, "बाई, तुम्ही माझ्या भावाला शब्द दिला होता."

ती म्हणाली, "हो ताई. पण आता ते नाहीत. आम्ही करणार तरी काय?"

मी म्हटलं, "दुसरा माणूस घ्या. तोंड दुसरं चालंल मला. आवाज दुसरा चालंल. पण त्या कंपाउंडरला मारू नका. आयुष्यभर माझा भाऊ दुसऱ्यांच्या गोष्टीत मेला. एका गोष्टीत जगणार होता. तो खरा गेला म्हणून तुम्ही तिथंही मारायलात, हे त्याला दोनदा मारणं झालं."

मग तिनं हळूच विचारलं, "आणि फोटो?"

"फोटो हाय. जेवतानाचा हाय. त्याला हार शोभत नाय." मग कशाचं काय वाटलं कोण जाणे, मी तिला तो फोटो कसला ते सांगितलं. मायचा ओटा, नियम, तार, भाभींच्या शेवया, सगळं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काका हे कधी बोलले नाहीत. फक्त एकदा सुट्टी मागताना म्हणाले होते, बहिणीकडं जेवायला जायचंय." आणि मग, "मी बघते, ताई. एकटीच्या हातात नसतं ते." मी म्हटलं, "शब्द एकटीनंच दिला होता ना?" आणि फोन ठेवला. जरा जास्त बोलले का, असं वाटून संध्याकाळपर्यंत घरातली भांडी दोनदा घासली.

त्यानंतर रोज दिवेलागणीला मालिका लावायचे आणि जीव मुठीत धरून बसायचे. कंपाउंडरची काचेची खिडकी बंद दिसायची. भिंतीकडं माझं लक्ष असायचं, फोटो लागला का. गल्लीतल्या बायका यायला लागल्या, त्यांनाही कळलं होतं. भाभी माझ्याजवळ खुर्ची ओढून बसायच्या. जाहिराती लागल्या की सगळ्या पदर सारखे करायच्या.

काल तो भाग लागला.

दवाखान्यात पेशंटांची रांग होती. पुड्या कोणी बांधायच्या म्हणून गोंधळ चालला होता. डॉक्टरीणबाई वैतागून बाहेर आल्या आणि चहावाल्या बाईला विचारलं, "काका कुठायत?" भाभींनी माझं मनगट धरलं.

चहावाली म्हणाली, "बहिणीकडं गेलेत. उस्मानपुऱ्यात. तिनं जेवायला बोलावलंय म्हणे."

"कधी येणार?"

"म्हणाले, सावकाश जेवून येतो. घाई करू नका म्हणाले."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, स्वतःच पुड्या बांधायला बसल्या, कागदाला तुझ्यासारखी घडी घातली आणि खिडकीतून ओरडल्या, "पुढचा कोण?"

मग मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "आपला उस्मानपुरा?" आणि माझा बांध फुटला, दादा. विधीला रडले नव्हते तेवढी रडले. पण तुला सांगते, त्या रडण्यात मान ताठच होती. लेखिकेनं शब्द पाळला. तू जगलास. कालच्या भागाची शेवटची पाटी पडली आणि तू जिवंत होतास, माझ्याकडं जेवायला आलेला होतास.

बायका हळूहळू निघाल्या. मी डोळे पुसले, स्वयंपाकघरात गेले आणि वांगी गॅसवर भाजायला ठेवली. भाकरीचं पीठ काढलं. वास बाहेर गेला असणार, कारण शकिलाभाभी दारातून परत फिरून आल्या आणि गोंधळून बघत राहिल्या.

"बाई, इस बार तो मरा नै ना वो? फिर खाना कायकू?"

मी वांगं उलटं केलं आणि म्हटलं, "जिता हाय म्हणून."

भाभींनी चपला काढल्या, पायऱ्यांवर जाऊन बसल्या आणि गल्लीकडं तोंड करून सगळ्यांना हाका मारायला लागल्या.